सिंधुदुर्गाचा तट बांधू द्या संगणक कक्षात

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी कोडिंगची शिबिरे भरतात. 'स्क्रॅच' या मुलांच्या कोडिंग प्रणालीतले पडद्यावरचे मांजर चालवून झाले की पुढे काय, हा प्रश्न तसाच राहतो. ज्या शाळेत संगणक कक्ष आहे, तिला या पुढच्या पायरीसाठी पैसे मोजण्याची गरज नाही. 'लुआंटी' ही मोफत, मुक्तस्रोत प्रणाली फिनलंडच्या पेर्टू आहोला यांनी २०१० मध्ये 'माइनटेस्ट' या नावाने सुरू केली. सध्याचे नाव २०२४ मधले. ठोकळ्यांचे एक जग, त्यात सगळी मुले एकाच वेळी हिंडतात, बांधतात आणि लुआ भाषेत त्या जगाचे नियमही लिहितात. इंटरनेट लागते ते सुरुवातीला सामान उतरवून घेण्यापुरते. नंतर शाळेचे अंतर्गत नेटवर्क पुरते.

मांडणी सोपी आहे, पण काही ठिकाणी हमखास अडते. 'माइनटेस्ट गेम' हा ठोकळ्यांचा संच वेगळा घ्यावा लागतो, तोही फक्त सर्व्हरच्या, म्हणजे जग चालवणाऱ्या मुख्य संगणकावर. मुलांच्या संगणकांवर नुसती लुआंटी पुरेशी असते, कारण चित्रे आणि आवाज सर्व्हर पाठवतो. जग बनवताना सपाट जमीन निवडावी, क्रिएटिव्ह मोड (ठोकळे हवे तेवढे मिळणे) चालू व डॅमेज (इजा होणे) बंद ठेवावे आणि 'होस्ट सर्व्हर'वर खूण करावी. मुले सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि ३०००० हा पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) टाकून आत येतात. जोडणी झाली नाही तर आधी फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणारी व्यवस्था, पाहा. माहिती पाठवण्याच्या पद्धतींपैकी पुष्कळ जण टीसीपी उघडतात, लुआंटीला यूडीपी लागते. काल चालले आणि आज चालत नाही, असे झाले तर राउटरने सर्व्हरचा पत्ता बदललेला असतो. तो कायमचा करून टाकावा.

पहिला तास मुलांना नुसते हिंडू द्यावे. एफ ५ दाबले की आपण उभे आहोत तिथले तीन आकडे दिसतात: एक्स पूर्वेकडे वाढतो, झेड उत्तरेकडे, वाय म्हणजे उंची. हे अंगवळणी पडल्याशिवाय स्क्रिप्टला, म्हणजे लुआतल्या आज्ञांना, हात लावू नये, कारण ठोकळा ठेवणारी 'सेट नोड' ही आज्ञा हेच तीन आकडे मागते.

मग बांधकाम. अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना सिंधुदुर्ग द्यावा. तटाची लांबी सुमारे ३ किलोमीटर, उंची ३० फूट, रुंदी १२ फूट सांगतात. एक ठोकळा एक मीटरचा धरला तर ९ उंच, ४ रुंद, ३,००० लांब, म्हणजे १,०८,००० ठोकळे. हाताने ते होणार नाही, हे मुलांना बुरूज बांधतानाच उमगते, आणि स्क्रिप्ट कशासाठी असते तेही. माझ्या मते ही गरज आधी, भाषा नंतर, हाच क्रम बरोबर आहे.

स्क्रिप्टसाठी 'मॉड्स'मध्ये (मॉड म्हणजे आपण प्रणालीत घातलेली भर) एक फोल्डर, त्यात 'मॉड डॉट कॉन्फ' आणि 'इनिट डॉट लुआ' या दोन फायली लागतात. नव्या ठोकळ्याच्या नावाआधी मॉडचे नाव आणि अपूर्णविराम हवाच, नाहीतर सर्व्हर सुरूच होत नाही. फाइल बदलल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. हे विसरून मुले बरोबर असलेला कोड पुसत बसतात. चूक कोणत्या ओळीत आहे ते 'डीबग डॉट टीएक्सटी'मध्ये लिहिलेले असते. ते वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

संपूर्ण तट स्क्रिप्टच्या एकाच फेऱ्यात (लूपमध्ये) लिहिला तर सर्व्हर गोठतो आणि सगळा वर्ग अडकतो. 'आफ्टर' ही आज्ञा वापरून एका वेळी १० मीटर, म्हणजे ३६० ठोकळे ठेवावेत आणि अर्धा सेकंद थांबावे. ३०० टप्प्यांत, अडीच मिनिटांत तट उभा राहतो. खेळाडूपासून लांबचा भाग सर्व्हरच्या स्मृतीत नसतो, तिथे कोणता ठोकळा आहे हे विचारणाऱ्या 'गेट नोड'ला 'इग्नोर' असे उत्तर मिळते. म्हणून आधी 'इमर्ज एरिया'ने तो भाग उघडून घ्यावा. सिंधुदुर्गाचा तट नागमोडी आहे, तेव्हा वळणांचे बिंदू मुलांनी नकाशावरून काढून यादीत लिहावेत. भूगोल आणि भूमिती दोन्ही यात येतात.

दुसऱ्याची भिंत फोडणारे कोणीतरी निघतेच. त्यासाठी 'एनेबल रोलबॅक रेकॉर्डिंग', म्हणजे बदल मागे घेण्यासाठी त्यांची नोंद ठेवणे, आधीच चालू हवे. नंतर चालू करून मागची मोडतोड परत येत नाही. रिकामा पासवर्ड चालू देऊ नये, नाहीतर एकाच्या नावाने दुसरा शिरतो. 'अनाउन्स सर्व्हर'वर खूण करू नये, म्हणजे जग सार्वजनिक यादीत जात नाही. रोज शाळा सुटताना सर्व्हर बंद करून मगच जगाचे फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावे. चालू सर्व्हरची प्रत अर्धवट निघू शकते.

एक उणीव मात्र खटकते. या प्रणालीत देवनागरीची जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट जुळत नाहीत, त्यामुळे मराठीतला संवाद तुटक दिसतो. तूर्तास दरवाजांच्या पाट्या पीएनजी चित्र म्हणून ठोकळ्यांवर लावता येतात. पण मूळ कोड सर्वांना खुला आहे. पुण्या-मुंबईत आणि परदेशात सी प्लस प्लस जाणणारे मराठी अभियंते पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणी अक्षरजुळणीचे काम अंगावर घेतले तर जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलेही आपल्या लिपीत या जगात वावरू शकतील.

— एक संगणक शिक्षिका, सोलापूर