सी शिकवताना चुकीचं इनपुट पण शिकवा

मा. संपादक,
स. न.

माझी पुतणी नाशिकलाच डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, रविवारी लॅपटॉप घेऊन सिडकोत आमच्याकडे आली आणि म्हणाली काका, प्रोग्राम मला भाव विचारतच नाहीये. कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काढायचा सी या प्रोग्रामिंग भाषेतला साधा प्रोग्राम होता, आधी क्विंटल, मग भाव, मग अजून पट्टी करायची का, वाय किंवा एन. मी क्विंटलला १२.५ टाकलं तर पुढचे दोन्ही प्रश्न एकदम छापून प्रोग्राम संपला आणि रक्कम आली काहीच्या काही.

झालं असं की स्कॅनएफने (scanf, टाइप केलेलं वाचणारं फंक्शन) पूर्णांक मागितला होता म्हणून त्याने १२ उचलले आणि .५ बफरमध्येच (टाइप केलेलं वाचलं जाईपर्यंत जिथे थांबतं तिथे) राहिलं, भावही पूर्णांकातच वाचायला गेला तर समोर टिंब, तिथे अडला, भाव साठवायच्या व्हेरिएबलमध्ये आधीचा जो कचरा होता त्यानेच गुणाकार झाला आणि ते टिंब शेवटी वाय-एनचं एक अक्षर म्हणून वाचलं गेलं. क्विंटल फ्लोटमध्येच, म्हणजे दशांश चालणाऱ्या प्रकारात, घ्यायला हवे होते हे खरं, पण नुसतं १२ टाकलं तरी वाय-एनला प्रोग्राम थांबत नव्हताच, कारण भावानंतर दाबलेलं एंटर तिथे वाचलं जायचं. स्कॅनएफला एक अक्षर वाच असं सांगणाऱ्या परसेंट सी (%c) च्या आधी एक स्पेस दिली की एवढं सुटतं, पण हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिच्या जर्नलमध्ये उपाय म्हणून एफफ्लश स्टडिन (fflush(stdin), बफरमधलं उरलेलं इनपुट टाकून देण्यासाठी) लिहिलेलं होतं. सी च्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत, इनपुटवर एफफ्लश केलं तर काय होईल याची काही हमीच नाही, विंडोजच्या काही कंपायलरवर चालतं आणि तोच प्रोग्राम लिनक्सवर नेला की चालत नाही, मग मुलांना वाटतं आपलंच चुकलं. नाव वाचायला अजून गेट्स (gets) हे फंक्शन वापरलेलं, जे २०११ च्या स्टँडर्डमधून काढून टाकलंय, कारण जागा किती आहे हे ते बघतच नाही आणि १९८८ चा मॉरिस वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरलेला घातक प्रोग्राम, त्याच वाटेने पण घुसला होता.

माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे की पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगा, स्कॅनएफ किती गोष्टी वाचता आल्या तो आकडा परत देतो, तो तपासा. आणि त्याहून बरं म्हणजे एफगेट्स (fgets) या फंक्शनने अख्खी ओळ घ्या, मग पूर्णांक हवा असेल तर स्ट्रटॉलने (strtol) त्यातून आकडा काढा, ओळीत मागे काही उरलं असेल तर परत विचारा. एक्सटर्नलनीही परीक्षेत एकदा तरी आकड्याच्या जागी अक्षरं टाकून बघावीत. नुसता स्कॅनएफ व्हाइल लूपमध्ये, म्हणजे परत परत चालणाऱ्या भागात, टाकला असेल तर ती अक्षरं बफरमध्येच बसून राहतात, स्क्रीनवर तीच ओळ धावत सुटते आणि मूल घाबरून खिडकीच बंद करतं, हे मी स्वतः पाहिलंय.

आम्ही दोघांनी बसून तिचा प्रोग्राम रात्री साडेदहापर्यंत नीट केला, आता भावाच्या जागी इंग्रजी अक्षरांत "barashe" टाइप केलं तरी तो "आकड्यात लिहा" म्हणून परत विचारतो.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक