नानांच्या चार्टवरची माझी रेघ

ती. स्व. नानांना,
शि. सा. न.

तोंडावर आभार मानले की तुम्ही हात झटकता आणि पेपर उघडून बसता, हे अख्ख्या चाळीला ठाऊक आहे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी श्रीखंडाची वाटी घेऊन आले, तर माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच तुम्ही चव घेऊन म्हणालात, "साखर जरा कमी चालली असती." म्हणून हे जाहीर पत्र. तुमच्या सूनबाई वाचून दाखवतील आणि शेवटापर्यंत उठू देणार नाहीत, असं कबूल करून घेतलंय.

बाकीच्यांसाठी आधी परिस्थिती सांगते. गिरगावातली चाळ, मध्ये दार काढून जोडलेल्या दोन खोल्या, एक मोरी आणि राहती माणसं नऊ. यंदा, २०२५ साली, पाडवा ३० मार्चला आला, तोही रविवारी. सोमवारी ईदची सुट्टी. अशी जोडून सुट्टी मिळाल्यावर डोंबिवलीच्या नणंदबाई, वसईचे मामा-मामी आणि पनवेलच्या आत्या कशाला घरी बसतील? सगळे शनिवारी संध्याकाळीच मुक्कामाला हजर. त्यात धाकट्या दिराचा साखरपुडा. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, त्यामुळे हॉल मिळता मिळेना, आणि दादरला जो मिळाला तो त्याच दिवशी संध्याकाळी पाचपासून. आप्पांचं, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यात घालायचे थेंब दोन प्रकारचे, दोन्हींमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. थोरल्या जाऊबाई बँकेत. महिन्यातला पाचवा शनिवार म्हणजे बँक चालू, वर मार्चअखेर, म्हणजे सोमवारीसुद्धा त्यांची सुटका नव्हती. आमच्या दोघी पुतण्या सकाळी शोभायात्रेत लेझीम खेळणार. आणि माझ्या मुलाची वार्षिक परीक्षा तोंडावर.

आमच्याकडे अशा वेळी एक वाक्य हमखास येतं, "आपण सगळे मिळून करू." मोठ्या कुटुंबात नांदलेल्या बायकांना हे वाक्य चांगलं कळतं. सगळे मिळून ठरवतात, सगळे मिळून जेवतात, आणि मधला जो भाग उरतो तो करायला एकच कुणीतरी असते. या वाक्यावर माझा राग आहे आणि तो मी इथे मोकळेपणाने लिहिते, कारण सासूबाई हे वाचणार आहेत आणि त्यांच्या तरुणपणी त्यांनीही तेच सोसलंय.

तुम्ही आप्पांची चौकशी करायला आलात, तेव्हा मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे कामांची यादी लिहीत होते. यादी वर-खाली वाचलीत. चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. मग म्हणालात, "ही यादी आहे. गाड्या यादीवर चालत नाहीत." आणि घरी जाऊन पट्टी, पेन्सिल आणि नातवाच्या ड्रॉइंगचा मोठा कागद घेऊन आलात.

ज्यांना नाना माहीत नाहीत त्यांच्यासाठी: नोकरीभर ते रेल्वेच्या कंट्रोलमध्ये होते. आता तिथे सगळं कॉम्प्युटरवर आलं, पण त्यांच्या काळात कंट्रोलरसमोर कागदाचा चार्ट असायचा. एका बाजूला स्टेशनं, दुसऱ्या बाजूला वेळ, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. कुठली गाडी कुठे पोचली, कोण कोणासाठी थांबलं, कुठे दोन रेघा एकमेकींना छेदतात, सगळं एका नजरेत. नानांनी आमच्या घराचा तसा चार्ट काढला. स्टेशनांच्या जागी लिहिलं: मोरी, स्वयंपाकघर, गॅलरी, फडके मंदिर, दादर फूल मार्केट, हॉल. आणि माणशी एक रेघ.

शोभायात्रा फडके गणपती मंदिरापासून निघते आणि गिरगावचे रस्ते सकाळभर वाहनांना बंद असतात, त्यामुळे दुपारपर्यंत टॅक्सी विसरा, हे तुम्ही पहिल्यांदा लिहिलंत. रविवारी लोकल कमी असतात आणि रुळांच्या कामासाठीच्या ब्लॉकची बातमी पाहिल्याशिवाय कुणाला परतीची वेळ द्यायची नाही, हे दुसरं. डोंबिवलीकरांनी सीएसएमटीपर्यंत जायचं नाही, दादरला उतरून वेस्टर्नने चर्नी रोडला यायचं, हे तिसरं. नणंदबाईंनी फोनवर "स्वागतयात्रा मुळात आमच्या डोंबिवलीत सुरू झाली, १९९९ साली, तुमची नंतरची" हे ऐकवलंच. तुम्ही म्हणालात, "हो, मान्य. तुमची गाडी किती वाजताची?"

मग माझी रेघ काढायला घेतलीत आणि पेन्सिल थांबली. संध्याकाळी साडेचारला मी स्वयंपाकघरात चहा करत होते, पुतण्यांना नऊवारी नेसवत होते, आप्पांच्या डोळ्यात थेंब घालत होते, आणि सूर्यास्तापूर्वी गुढी उतरवायची म्हणून त्यासाठी घरी थांबणारीही मीच होते. तुम्ही सगळ्यांना बोलावलंत. यांनाही, टीव्हीसमोरून उठवून. कागदावर बोट ठेवलंत आणि विचारलंत, "एकच रेक चार ठिकाणी कसा धावणार?" रेक म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी.

कुणी काही बोललं नाही. तुम्हीही ओरडला नाहीत. फक्त खोडरबर घेतलंत.

यांच्याकडे पाहून तुम्ही जे म्हणालात ते आता आमच्या घरात कायमचं झालंय. डबे न जोडता नुसतं इंजिन धावतं त्याला रेल्वेत लाइट इंजिन म्हणतात म्हणे. "हे लाइट इंजिन किती दिवस रिकामं फिरवायचं?" असं म्हणून तुम्ही आप्पांचे थेंब, शनिवारी पहाटेचं फूल मार्केट आणि चक्का आणणं, तिन्ही कामं यांच्या रेघेला जोडलीत. झेंडू, आंब्याचे डहाळे, कडुलिंब आणि गाठी हे सगळं त्यांनी बिनबोभाट आणलं. गाठी जरा जास्तच आल्या. पोरं अजून खातायत.

पुरणपोळीवर मात्र खरा प्रसंग आला. सासूबाईंचा हट्ट होता, कार्य आहे तर पुरण हवं. सतरा माणसांच्या पोळ्या, मार्चच्या उकाड्यात, एका शेगडीवर. तुम्ही उठून उभे राहिलात आणि स्टेशनवरच्या घोषणेच्या सुरात म्हणालात, "पुरणपोळी आज रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्हाला खेद आहे." सासूबाई हसल्या आणि श्रीखंड-पुरीला तयार झाल्या. हेच मी सुचवलं असतं तर "आजकालच्या मुलींना कष्ट नकोत" हे ऐकावं लागलं असतं. याचं मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पुऱ्या लाटायला मामी आणि नणंदबाई बसल्या, मसालेभाताची जबाबदारी मामांनी घेतली, आणि मामांच्या भाताला मीठ बरोबर पडलं हे पाहून मामींचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मोरीची पाळी तुम्ही कशी लावलीत यावर वेगळं पत्र होईल. पाडव्याला तेल-उटणं लावून आंघोळ, म्हणजे प्रत्येकाला एरवीपेक्षा जास्त वेळ. पाणी पहाटे येतं तेवढंच. पिंपं भरणारे आधी, लेझीमवाल्या मुली त्यांच्यामागून, कारण नऊवारीला वेळ लागतो, मग आप्पा, पण डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून मानेखालूनच, आणि ज्यांना "मला काही घाई नाही" असं म्हणायची सवय आहे ते सगळे शेवटी. पनवेलच्या आत्यांनी पाळी मोडून आत घुसायचा प्रयत्न केला तेव्हा तुम्ही गॅलरीतून नुसतं "सिग्नल लाल आहे" म्हणालात. आत्यांना उलटून बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

रविवारी दुपारी दोन ते साडेतीन, माझ्या रेघेवर तुम्ही आडवी जाड पट्टी ओढलीत आणि वर लिहिलंत "ब्लॉक". मी विचारलं, या वेळात मी काय करायचं? तुम्ही म्हणालात, काही नाही. रूळ, तारा, सिग्नल यांचं काम करायला ब्लॉक घेतात, त्या वेळात त्या रुळावरून गाडी जात नाही, कितीही मोठा साहेब बसलेला असला तरी. प्रवासी शिव्या घालतात, तरी ब्लॉक घ्यावाच लागतो. माझा विश्वास बसला नाही. पण जेवणं आटोपल्यावर तुमच्या सूनबाई मला तुमच्या खोलीत घेऊन गेल्या, पंखा लावला, खाटेवर धुतलेली चादर घातली आणि बाहेरून दार लोटून घेतलं. मध्ये दोनदा कुणीतरी मला हाक मारत आलं. तुम्ही दारातच खुर्ची टाकून बसला होतात. "ब्लॉक आहे," एवढंच ऐकू आलं. मी झोपले. पाडव्याच्या दुपारी, घरात सतरा माणसं असताना, मी गाढ झोपले. लग्न होऊन या घरात आल्यापासून सणाच्या दिवशी माझी पाठ दुपारी कधी टेकलेली नाही.

आणि मग गुढी. हॉलवर पाचला पोचायचं आणि सूर्य मावळणार सातच्या थोडं आधी. गुढी उतरवल्याशिवाय सासूबाई निघायला तयार नाहीत, आणि नवऱ्या मुलाची आई नाही तर साखरपुडा कसला? दरवर्षीचं उत्तर तयार होतं: मधली थांबेल. मीही मनातून तयारच होते. तुम्ही म्हणालात, "माझी गुढी याच गॅलरीत आहे. एक उतरवतो तशी दोन उतरवीन. आप्पा सोबतीला आहेतच." सासूबाई जरा घुटमळल्या. मग हळद-कुंकवाची कोयरी आणि नैवेद्याची साखर तुमच्या हातात देऊन, कसं कसं करायचं ते सांगून, आमच्याबरोबर चर्नी रोडच्या जिन्याकडे चालू लागल्या.

हॉलवर मुलीची ओटी भरली जात असताना फोनवर तुमचा निरोप आला. जसाच्या तसा देते: "६.३२ गुढी सुखरूप उतरली. साडी घडी करून कपाटात. आप्पा थेंब १ - ६.४०, थेंब २ - ६.४५. सर्व मार्ग सुरळीत." मी तो सासूबाईंना दाखवला. त्यांनी वाचला, मान डोलावली आणि माझ्या हाताला धरून मला पहिल्या रांगेत बसवलं. साखरपुडा मी खुर्चीवर बसून पाहिला, नाना. अंगठ्या घालताना दिराचा हात थरथरत होता, तोही दिसला.

तो चार्ट आता आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेला आहे. यांनी त्याच्याखाली पुढच्या रविवारचा एक स्वतः काढलाय, रेघा वाकड्या आहेत पण माझ्यावर पट्टी ओढलेली आहे. लग्नाची बैठक लवकरच व्हायची आहे आणि "ते कंट्रोलवाले काका येणार ना?" असं मुलीकडच्यांनी स्वतःहून विचारलंय. तेव्हा यायचं नक्की करा. मोठा कागद मी आणून ठेवते. पनवेलच्या आत्यांनी आत्ताच कळवलंय की लग्नाला त्या आदल्या दिवशी येणार नाहीत, चांगल्या आठ दिवस आधी येणार आहेत.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची मधली सून