मिस मॅक्लाउड्स रीलचा माग काढून देणाऱ्या ताईंना

ताई, त्या दिवशी फोनवर घाईघाईत थँक्यू म्हटलं आणि तेव्हापासून चुटपुट लागलीये, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आयर्लंडमधल्या गॉलवेत आल्यापासून लेक फिडल, म्हणजे इथल्या ढंगाचं व्हायोलिन, शिकतेय, शाळेच्या कार्यक्रमात तिला मिस मॅक्लाउड्स रील (रील म्हणजे जलद नाचाची धून) वाजवायचं होतं आणि आधी दोन ओळी बोलायच्या होत्या, तर मी बिनधास्त लिहून दिलं की ही आयर्लंडची फार प्राचीन धून आहे. तुम्ही वाचलंत आणि एवढंच विचारलंत, "अगं, पण मॅक्लाउड हे आडनाव कुठलं?"

मग रविवारची अख्खी दुपार तुम्ही आमच्यासाठी घालवलीत. स्कॉटलंडचे फिडलवादक आणि प्रकाशक नॅथॅनियल गाऊ यांच्या १८०९ च्या पाचव्या संग्रहातलं पान स्क्रीनवर मोठं करून दाखवलंत, तिथे नाव मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे, आणि सोबत नोंद की हे मूळचं स्काय बेटावरचं रील, मिस्टर मॅक्लाउड यांच्याकडून मिळालेलं. रासे म्हणजे स्कायच्या शेजारचं छोटंसं बेट, म्हणजे स्कॉटलंडच! मी लगेच म्हटलं, मग गाऊंनी रचलं असं लिहू का, तर तुम्ही म्हणालात, "त्यांनी छापलं. रचलं असं कुठे लिहिलंय? त्याआधी किती वर्षं वाजत होतं कोण सांगणार?" हा फरक माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता, आणि यासाठी तुमचे सगळ्यात जास्त आभार.

पुढचं पण तुम्हीच सांगितलंत, आयर्लंडमधल्या कॉर्कचे फ्रान्सिस ओनील शिकागोत पोलीसप्रमुख होते आणि १९०३ साली त्यांनी १८५० धुनांचं पुस्तक काढलं त्यात हे रील आहे, आणि अमेरिकेत हेच हॉप हाय लेडीज म्हणून वाजतं. पण खरी मजा नंतर आली. मी माझं व्हायोलिन मांडी घालून, पायावर टेकवून वाजवणारी, मला त्यांचं नोटेशन पटकन वाचता येत नाही, तर तुम्ही पाश्चात्त्य जी (G) या सुराला सा धरून सांगितलंत: सा- गसा पसा गसा, ग- गरे गम गरे. बिलावलचेच सगळे शुद्ध स्वर! नंतर तेच गाऊंसारखं एक सूर वर, ए (A) मधून वाजवलंत, आणि परत जी (G) वर येऊन, इथले लोक त्या लांब सुरावर बोटाने झटकन जी गिरकी घेतात, रोल म्हणतात तो, तेवढा चार वेळा हळू करून दाखवलात. त्या गिरकीने धून इथली वाटायला लागते, हे कानाने कळलं मला.

लेकीने स्टेजवर सांगितलं, "ही धून स्कॉटलंडमध्ये १८०९ साली छापली गेली, आमच्याकडे ती आयरिश पद्धतीने वाजते." आमच्याकडे म्हणाली ती, ताई. माझे डोळे भरून आले.

शनिवारी आम्ही दोघी येतोय, धुनेच्या दुसऱ्या भागात ती अजून पळते, तेवढा हळू करून घ्या. पुरणपोळ्या आणतेय.