फौजेचा पैसा आणि सापाचं इंजेक्शन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पानावर सध्या संरक्षण की आरोग्य यावरून पत्रं येतायत, एकजण म्हणतो तोफा कमी करा आणि दवाखाने बांधा, दुसरा म्हणतो असं बोलणारा देशद्रोही. मी २४ वर्षं फौजेत काढली, हवालदार म्हणून रिटायर झालो, तेव्हा माझंही जरा ऐकून घ्या.

२०२५-२६ च्या केंद्राच्या बजेटात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी आणि आरोग्य मंत्रालयाला ९९ हजार ८५८ कोटी. जवळजवळ सातपट, म्हणून लोक चिडतात. पण त्यातले १.६० लाख कोटी तर आमच्या पेन्शनचेच, म्हणजे नुसती फौजी पेन्शन आख्ख्या आरोग्य मंत्रालयाच्या दीडपट (मी ती दर महिन्याला घेतो, आणि ती कमी करा असं कोणी म्हटलं तर पहिला मीच भांडेन). दुसरं म्हणजे आरोग्य हा राज्यांचा विषय. राज्यांचा खर्च धरला तर २०२१-२२ ला सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता, आणि संरक्षण २०२५-२६ ला १.९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सात पट वगैरे काही राहत नाही. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्के करू असं लिहिलेलं, १५ व्या वित्त आयोगानं राज्यांना सांगितलेलं की २०२२ पर्यंत बजेटच्या ८ टक्क्यांच्या वर जा, आपला महाराष्ट्र त्याच्या बराच खाली. ते काय विमानं घेतली म्हणून राहिलं नाही, कोणी विचारलंच नाही म्हणून राहिलं.

आता घरातलं सांगतो. दोन वर्षांमागं माझ्या धाकट्या भावाला कांद्याला पाणी धरताना रात्री घोणस चावली. जवळच्या आरोग्य केंद्रात नेला तर डॉक्टर दोन मंजूर, त्यातली एक जागा रिकामी आणि दुसरे रजेवर, सिस्टर म्हणाल्या सापाचं इंजेक्शन संपलंय, पुढं न्या. मग शेजाऱ्याची जीप, पुढं प्रायव्हेट, आयसीयू, किडनीवर परिणाम झाला म्हणून चार वेळा डायलिसिस. भाऊ वाचला. बिलापायी दुभती म्हैस विकली आणि वर पाव्हण्यांकडून उसने. माझ्या बायकोचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालं ते ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर, पॉलीक्लिनिकमधनं रेफरल घेतलं आणि झालं, खिशातनं जवळपास काहीच नाही. एकाच आईची दोन पोरं, एक फौजेत गेला आणि एक शेतात राहिला, एवढाच फरक.

आमच्या बटालियनमध्ये आठशेच्या आसपास जवान आणि त्यांना एक डॉक्टर, आरएमओ म्हणायचे. पोस्ट कितीही उंचावर असू दे, नर्सिंग असिस्टंट तिथं असायचाच, आणि जखमीला पहिल्यांदा कुठं न्यायचं, तिथनं पुढं कुठं, हे गोळी लागायच्या आधी ठरलेलं असायचं. औषध संपलं असं कोणी सीओ साहेबांना, म्हणजे बटालियनच्या प्रमुखांना, सांगून बघावं! इकडं एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर सपाटीला ३० हजार लोक धरतात, आणि रात्री पुढं कुठं न्यायचं ते जीपवाला ठरवतो.

म्हणून तोफा की दवाखाना हे भांडण मला फुकटचं वाटतं. सीमेवरचा पैसा दिल्लीतनं येतो, आरोग्य केंद्रावर डॉक्टर आहे का आणि फ्रीजमध्ये इंजेक्शन आहे का हे मुंबईनं आणि जिल्हा परिषदेनं बघायचं असतं. मत मागायला येतात त्यांना मी एवढंच विचारणार आहे, ती रिकामी जागा कधी भरताय, तारीख सांगा. मागच्या खेपेला एकानं मला बघून सॅल्यूट मारला आणि जय जवान म्हणून गाडीत बसला.

आपला,
एक माजी सैनिक, ता. खटाव, जि. सातारा