साधेपणाच्या गोष्टी भरपूर झाल्या, आता आबासाहेबांचं विधानसभेतलं काम छापा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

१० ऑगस्ट १९२६ चा गणपतराव देशमुखांचा, म्हणजे आमच्या आबासाहेबांचा जन्म, म्हणजे २०२६ ला शंभर वर्षं भरतायत, आणि त्यानिमित्तानं पेपरात काय छापून येणार हे मला आत्ताच माहितीये. एसटीनं फिरणारा आमदार, साधं घर, साधे कपडे, एकच पक्ष, एकच मतदारसंघ, अकरा वेळा निवडून आले. सगळं खरं आहे, आम्ही सांगोल्याच्या लोकांनी ते डोळ्यानं बघितलंय. पण साहेब, मनापासून विनंती आहे की यावेळी तेवढ्यावर थांबू नका, कारण माणूस पन्नासेक वर्षं विधानसभेत बसला आणि तिथं त्यानं नेमकं काय केलं हे आमच्या तालुक्यातल्या पोरांना विचारलं तर एकाला धड सांगता येत नाही. "अभ्यासू होते" एवढंच सांगतात. अभ्यासू म्हणजे काय, कशाचा अभ्यास, त्यातून कुठला कायदा बदलला, कुठल्या मंत्र्याला उत्तर द्यावं लागलं, ते कुणीच सांगत नाही.

आबासाहेब मुळात वकील, हे पण लोक विसरायला लागलेत. मोहोळ तालुक्यातलं पेनूर हे गाव, पुण्यात शिकायला असताना शेतकरी कामगार पक्षाशी (शेकाप) जोडले गेले, कायद्याची डिग्री घेतली, आणि १९६२ ला सांगोल्यातून पहिल्यांदा आमदार झाले. शेकापमध्ये तेव्हा अशी शिकलेली वकील मंडळी बरीच होती, अलिबागचे दत्ता पाटील वकीलच, एन. डी. पाटील पण कायदा शिकलेले. ही माणसं विरोधी बाकावर बसून सरकारला घाम फोडायची ती नुसत्या आवाजावर नाही, नियमांचं पुस्तक त्यांना पाठ असायचं. तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो) कधी टाकायचा, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधायची सूचना) कधी लावायची, कपात सूचना (खात्याच्या मागणीतला पैसा कापा म्हणणारी) कुठल्या खात्यावर द्यायची, विधेयक आलं तर कुठल्या खंडाला म्हणजे कलमाला उपसूचना, म्हणजे दुरुस्ती द्यायची, हे सगळं येत असेल तरच आठ-दहा आमदारांच्या पक्षाला सभागृहात किंमत असते, नाहीतर तुम्हाला कोण विचारतंय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. विधेयक मंजूर होताना अध्यक्ष एकेक खंड पुकारतात, हा खंड विधेयकाचा भाग व्हावा असं मताला टाकतात, "होय" "नाही" चा आवाज होतो आणि पुढचा खंड. ज्यानं आदल्या रात्री ते वाचलंय त्याला तेवढ्यात उभं राहता येतं, बाकीच्यांच्या डोक्यावरनं पाच मिनिटात कायदा निघून जातो. आणि तो कायदा मग आपल्याला वीस-तीस वर्षं पुरतो. तलाठ्याकडं, तहसीलात, कोर्टात, सगळीकडं आपण त्याच खंडांखाली चालतो ना.

रोजगार हमीचंच घ्या. ७२ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या बायाबापड्यांनी खडी फोडली, पाझर तलावावर, नाला बांधावर माती वाहिली, माझी आई त्यातलीच एक. डोक्यावर पाटी, दिवसभर ऊन, आणि आठवड्याला मस्टरवर अंगठा, मुकादमानं हजेरी लावली तर मजुरी. तेव्हा ती सरकारची योजना होती. १९७७ ला त्याचा कायदा झाला, ही कल्पना मांडणाऱ्या वि. स. पागे यांचं नाव त्यात आधी घ्यायला पाहिजे, आणि त्याच वर्षी आबासाहेब विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. योजना आणि कायदा यातला फरक माझ्या आईला कुणी समजावून सांगितला नव्हता पण तिला तो भोगून कळला होता. योजनेत साहेबाच्या मर्जीनं काम मिळतं, कायद्यात लिहिलंय की मागणी केल्यावर १५ दिवसात काम द्या नाहीतर बेकारी भत्ता द्या. पुढं देशभर जो रोजगार हमीचा कायदा २००५ ला झाला त्याचं मूळ हेच. आता मला सांगा, या सगळ्यात दुष्काळी तालुक्याचा वकील आमदार सभागृहात काय बोलला, काय मागितलं, काय मिळालं नाही, हे आम्हाला वाचायला नको का? विधिमंडळाच्या कार्यवाहीत ते सगळं छापील आहे, लायब्ररीत आहे. तुमच्या एखाद्या पत्रकाराला पंधरा दिवस तिथं बसवा एवढंच म्हणणं आहे.

पाण्याचं पण तेच. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी कृष्णेतून कराडजवळनं उचलून टप्प्याटप्प्यानं खानापूर, आटपाडी करत सांगोल्याकडं आलं, ते काही एका दिवसात आलं नाही. आटपाडीला स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदा व्हायच्या, तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं जमायची, आबासाहेब त्यात पुढं असायचे. बाहेर परिषद आणि आत सभागृहात प्रश्न, या दोन्ही गोष्टी एकत्र चालल्या म्हणून पाणी हललं असं माझं ठाम मत आहे. नुसत्या मोर्चानं निधी पडत नाही आणि नुसत्या भाषणानं पण नाही.

सूतगिरणीबद्दल सगळे लिहितात म्हणून मी जास्त लिहीत नाही. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी चालवून दाखवली, एवढं पुरे.

आबासाहेब हरले पण, हे पण छापा. १९७२ ला हरले, मग १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून १९२ मतांनी पडले, १९९९ ला परत आले, आणि २०१४ ला ८८ व्या वर्षी अकराव्यांदा निवडून आले. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री, १९९९ ला विलासराव देशमुखांच्या सरकारात मंत्री, २००२ ला पक्षानं पाठिंबा काढला तर मंत्रिपद सोडून बाहेर. आज सरकारं कशी बनतात आणि कोण कुठल्या गाडीत बसून कुठं जातं हे बघितल्यावर ही गोष्ट परत सांगायला लागणार आहे.

आणि जे खटकतं ते पण लिहितो. रायगडपासून मराठवाड्यापर्यंत दबदबा असलेला पक्ष आबासाहेबांच्या डोळ्यादेखत आटत गेला, सांगोल्यात त्यांच्यानंतर दुसरी फळी उभी राहिली नाही, आणि शेवटी उमेदवारी घरातच आली. २०१९ ला नातू अनिकेत ७६८ मतांनी हरले, २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब जिंकले. लोकांनी मतं दिलीत, तक्रार नाही, चांगलं काम करावं हीच इच्छा आहे. पण ज्यांनी आयुष्यभर कार्यकर्त्यांच्या जिवावर राजकारण केलं त्यांच्या पक्षात एखादा साधा कार्यकर्ता, एखादा तालुका कोर्टातला वकील पुढं का आला नाही हा प्रश्न मला टोचतो, आणि आबासाहेबांवर प्रेम असणाऱ्यांनीच तो विचारायला पाहिजे.

कारण तालुका कोर्टात आज तरुण वकील कमी नाहीत हो. चौकातल्या बॅनरवर नावापुढं ॲड. लिहिलेले दहा फोटो दिसतील, त्यातल्या निम्म्यांना आमदार व्हायचंय. वाईट काहीच नाही, व्हावं. पण त्यांच्यासमोर जो नमुना आहे तो भाषण, गाडी आणि वाढदिवसाचा. आबासाहेबांचा नमुना दाखवायचा तर एसटीचा पास दाखवून उपयोग नाही, त्या पोरांना वाटतं की बाबा जमाना वेगळा होता, सोडा. त्यांना एखादा प्रश्न दाखवा, त्यावरचं मंत्र्यांचं उत्तर दाखवा, उपप्रश्नात ते उत्तर कसं सोलून काढलं ते दाखवा. वकिलाला ते लगेच कळतं, उलटतपासणी त्याला येतेच.

तर माझ्या दोनच मागण्या आहेत. शताब्दीनिमित्त पुरवणी काढणार असाल तर त्यात आठवणींचे लेख कमी करून आबासाहेबांची विधानसभेतली भाषणं आणि प्रश्न तारखेसकट छापा, १९६२ पासून निवडून, हरलेली वर्षं सोडून. आणि दुसरं, पावसाळी अधिवेशनापासून सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदारानं त्या आठवड्यात कुठला प्रश्न विचारला, कुठल्या विधेयकावर बोलले, हे रविवारच्या अंकात एका कोपऱ्यात द्या. सांगोल्याच्या आमदारापासून सुरू करा, आम्ही कात्रण काढून ठेवतो.

आपला एक जुना वाचक,
ता. सांगोला, जि. सोलापूर