तीन नंबरचा धोटा

सोलापूर,
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

काय बे, फोनवर एवढं सुनावलंस आणि लगेच ठेवूनही दिलास! "घरचे माग बंद पडले, म्हणून आता कानात घालून तीच खटखट ऐकतोस," हे तुझं वाक्य दोन दिवस डोक्यात घोळतंय. फोनवर बोलायला गेलो तर पुन्हा भांडणच होईल, म्हणून लिहितोय.

खटखट मला तुझ्यापेक्षा जास्त कळते. अण्णा ओसरीत जेवायला बसायचे, आत सहा माग एकदम चालू, प्रत्येकाचा धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतोय. मध्येच कडक भाकरीचा तुकडा हातातच धरून म्हणायचे, "तीन नंबरचा धोटा अडखळतोय, बघ रे." जाऊन बघावं तर खरंच. त्यांना गोंगाट ऐकूच यायचा नाही, सहा वेगवेगळे माग ऐकू यायचे. 'ह्यूमन' ऐकताना मी तेच करायला बघतो.

फ्लोरिडाच्या डेथ या डेथ मेटल बँडचा हा १९९१चा अल्बम. ८ गाणी, जेमतेम ३४ मिनिटं. चक शुल्डिनरचा आवाज तू सोडून दे. (मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, कुणाला तरी ठसका लागलाय.) शॉन रायनर्टचा ड्रम ऐक. पाय दोन्ही बेस ड्रमवर सलग धडधडतायत आणि हात मात्र भलतीकडेच. उजवा राइड सिंबलच्या थाळीवर जॅझवाल्यासारखा नाजूक, डावा स्नेअर ड्रमवर ऐकू येतील न येतील असे बारीक ठोके सोडतोय. आपला माग एकदा लावला की दिवसभर तोच. हा गडी दर चार ओळींना नक्षी बदलतो, तीही माग न थांबवता. तेव्हा तो जेमतेम विशीतला होता, बे!

तक्रार माझीही आहे, पण वेगळी. बास गिटारवर स्टीव्ह डिजॉर्जिओसारखा माणूस, आणि मूळ प्रतीत तो सापडतच नाही. गिटारी एक स्वर खाली उतरवून लावलेल्या, वर तळहात टेकवून दाबून वाजवलेल्या. त्यात बेस ड्रम. सगळे एकाच खालच्या पट्टीत दाटीवाटीने बसलेत आणि बास बिचारा गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतल्या एसटीत शेवटी चढलेल्या पाहुण्यासारखा दारात लोंबकळतोय. २०११ साली जिम मॉरिसने नवं मिक्स केलं, म्हणजे एकेका वाद्याचा आवाज नव्याने कमीजास्त करून जुळवला, तेव्हा कुठे त्याला बसायला जागा मिळाली.

तरी मी जुनंच लावतो. नव्यात सगळं स्वच्छ दिसतं, पण ती दाटी गेली. आणि बास कुठे आहे हे आता ठाऊक झाल्यामुळे जुन्यातही तो मला ऐकू येतो.

तू मात्र नवंच घे. सातव्यापासून सुरू कर, त्यात गाणंच नाही, नुसती वाद्यं. म्हणजे तुझी निम्मी कुरकुर तिथेच मिटली. हेडफोन धड घे, माझ्या हेडफोनचा डावा कान गेलाय.

आईने शेंगाचटणी बांधून ठेवलीय. नेणार कधी?

तुझाच,
नंद्या