तुर्कस्तानात ‘तोपची’ नाही

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील मराठीतल्या तुर्की शब्दांवरील लेखात ‘तोफची’ हा शब्द तुर्कीतून जसाच्या तसा आल्याचे म्हटले आहे. बॅलार्ड पिअरच्या एका जहाज कचेरीत इस्तंबूलशी पत्रव्यवहार करता करता मी ती भाषा थोडीफार शिकलो, म्हणून ही दुरुस्ती: तुर्कीत तोफेला ‘तोप’ म्हणतात, पण ती डागणारा ‘तोपची’ नव्हे, ‘तोपचु’ असतो.

व्यवसाय दाखवणारा हा प्रत्यय शब्दातील शेवटच्या स्वराकडे पाहून आपला स्वर ठरवतो, आणि शब्दाच्या अंती कठोर व्यंजन असेल तर ‘च’ने, एरवी ‘ज’ने सुरू होतो, चार स्वर आणि दोन व्यंजने मिळून त्याची 8 रूपे होतात. ‘योल’ म्हणजे रस्ता, ‘योलजु’ म्हणजे प्रवासी आणि त्यावर आणखी एक प्रत्यय चढवला की ‘योलजुलुक’ म्हणजे प्रवास. पावाला तुर्कीत ‘एकमेक’ म्हणतात (मराठी माणसाला हा शब्द पाठ करावा लागत नाही!), त्यामुळे आपल्याकडे सकाळी सायकलवरून येणारा पाववाला तिथे ‘एकमेकची’ ठरेल. इथे ‘ची’ येते ती आधीच्या ‘ए’मुळे. फारसीच्या वाटेने मराठीत आलेला प्रत्यय मात्र या एकाच रूपात गोठला, म्हणून आपण ‘तोफची’ आणि ‘मशालची’ एकाच साच्यातून काढतो.

प्रत्यय लागताना तुर्की शब्द ‘लहरीने’ बदलतात, हे लेखातील विधानही पटत नाही. ‘बुरुन’ म्हणजे नाक आणि ‘बुर्नुम’ म्हणजे माझे नाक. मधला ‘उ’ गळतो, तसाच ‘कापूस’चे ‘कापसाला’ करताना आपल्या बोलण्यातला ‘ऊ’ गळतो. अरबीतून आलेल्या ‘किताब’चा ‘ब’ तुर्कीत शब्दाच्या अंती कठोर होऊन ‘किताप’ होतो आणि पुढे स्वर आला की ‘किताबा’, म्हणजे पुस्तकाला, यात परत येतो. एकाक्षरी ‘तोप’ मात्र सहसा बधत नाही. त्याचे ‘तोपा’च होते. अपवाद आहेतच, विशेषतः परक्या शब्दांत: घड्याळ या अर्थाच्या ‘साआत’चे अनेकवचन अपेक्षेप्रमाणे ‘साआतलार’ न होता ‘साआतलेर’ होते. 1928 साली स्वीकारलेल्या रोमन लिपीत हे बदल उच्चाराप्रमाणे लिहिलेही जातात, तेव्हा साधा कोश उघडला असता तरी ‘तोपचु’ सापडला असता.

लेखमालेच्या पुढील भागात ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई